टाकी रस्त्यावरची हरकतपेटी

"पंधरा दिवसांत एकही हरकत यायची नाही. हवं तर लिहून देतो," असं बाणसाहेब भर बैठकीत म्हणाले. असं म्हणणारी माणसं पुष्कळ असतात. खरोखर लिहून देणारे बाणसाहेब एकटेच. त्यांनी तिथल्या तिथे पेनाचं टोपण काढलं.

शहराच्या वाहतूक कचेरीत ते नकाशा विभागाचे प्रमुख. रस्त्यावर पांढरा बाण कुठे रंगवायचा आणि त्याचं तोंड कुठे करायचं, हे ते ठरवायचे. बावीस वर्षांत त्यांनी इतके बाण काढले होते की त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं. साहेबांनाही 'बाणसाहेब' हे नाव आवडायचं. सुटलेला बाण परत येत नाही, असं ते नव्या लोकांना ऐकवत. तो परत येतो, आणि आला की नेमका कुठे लागतो, हे त्यांना टाकी रस्त्याने शिकवलं.

टाकी रस्ता म्हणजे बाजारापासून पाण्याच्या जुन्या टाकीपर्यंतचा रस्ता. मधोमध दुभाजक, दुभाजकावर लोखंडी कठडा, दोन्ही अंगांनी ये-जा, आणि सकाळ-संध्याकाळ अशी कोंडी, की पायी निघालेला माणूस मोटारीतल्या ओळखीच्याला मागे टाकून पुढे जाई आणि जाताना "चला, येतो" असंही म्हणे. बाणसाहेबांनी यावर जालीम उपाय काढला. अख्खा रस्ता एकदिशा! दुभाजकाच्या डावीकडूनही वाहनं टाकीकडून बाजाराकडे आणि उजवीकडूनही टाकीकडून बाजाराकडेच. उलट जायचं असेल त्याने नदीच्या पुलावरून वळसा घालावा. मधलं पादचाऱ्यांचं क्रॉसिंग बंद, कारण वाहत्या रस्त्याला अडथळा नको. थांबायलाही बंदी, कारण थांबला तर तो वाहता कसला? नकाशावर हे सगळं इतकं देखणं दिसत होतं की त्यांनी तो नकाशा काही काम नसताना दोनदा उघडून पाहिला.

आता कचेरीचा रिवाज असा, की कुठलाही बदल आधी पंधरा दिवस प्रायोगिक. तेवढ्या काळात लोकांनी हरकती द्यायच्या. पूर्वी हरकती टपालाने येत, फोनवर येत, काही माणसं तर साहेबांना न्हाव्याकडे दाढी करताना खुर्चीत गाठून हरकत सांगत. अर्धा गाल साबणात असताना माणूस उत्तर काय देणार? म्हणून बाणसाहेबांनी या खेपेला नियमच केला. हरकत फक्त पेटीत. पेटी त्या रस्त्याच्या बरोबर मध्यावर, दोन्हीकडून दिसेल अशी. पेटीत पडलेला सहीचा प्रत्येक कागद हरकत धरला जाईल. पंधराव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत शंभर हरकती झाल्या तर योजना तिथेच रद्द. नव्व्याण्णव झाल्या तरी कायम.

"शंभर जास्त नाही होत?" मोठ्या मॅडमनी विचारलं. मोठ्या मॅडम म्हणजे कचेरीच्या सर्वांत वरच्या अधिकारी. कमी बोलायच्या आणि बोलताना चष्मा काढून हातात धरायच्या. चष्मा काढला की समोरच्याने सावध व्हावं, असं कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाणसाहेब मात्र त्या वेळी टोपण शोधत होते.

"मॅडम, शंभर काय आणि दहा काय. येणारच नाहीत. शंभर झाल्याच तर योजना रद्द करण्याचा आदेश मी माझ्या हाताने लिहीन."

"बरं. पंधराव्या दिवशी मी स्वतः येते. पेटी माझ्यासमोर उघडा. तुमचं म्हणणं खरं ठरलं तर शहरातले सगळे रस्ते तुमच्या हवाली."

सगळे रस्ते! बाणसाहेब त्या दिवशी घरी जाताना प्रत्येक चौकात थांबून बाणाचं तोंड कुठे करता येईल ते पाहत होते. त्यांच्यामागे भोंगे वाजत होते, पण ते त्यांना ऐकू आले नाहीत.

पेटी बसवायला ते स्वतः गेले. टेप धरली, दोन्ही टोकांकडून अंतर मोजलं, लांबीचा मध्य काढला, मग रुंदीचा काढला. मध्य आला दुभाजकावर. बरोबरचा सुतार म्हणाला, "साहेब, फुटपाथावर बसवू का? लोकांना बरं पडेल."

"मध्य म्हणजे मध्य," बाणसाहेब म्हणाले. कठड्याचा हातभर तुकडा कापून तिथे खांब रोवला, खांबावर लाल पेटी आली. तिची फट मुद्दाम अरुंद ठेवली, कारण लोक फटीत काहीही कोंबतात. दोन्ही अंगांनी वाहनं सुसाट चाललेली आणि मधे पेटी, अशी ती टाकीवरूनसुद्धा दिसे. तिच्याशेजारी, नवी योजना म्हणून, एक हवालदार पंधरा दिवसांसाठी नेमला गेला.

हा हवालदार साधा नव्हता. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता. दंडाच्या पावतीवर अगदी खाली 'चालकाचे म्हणणे' असा एक रकाना असतो. बाकीचे हवालदार तिथे एक रेघ मारून मोकळे होत. हा रीतसर विचारायचा, माणूस बोलेल ते शब्दन् शब्द लिहायचा, वाचून दाखवायचा आणि मग सही घ्यायचा. एक पावती चालकाला, खालची कार्बनची नक्कल पुस्तकात. पुस्तक भरलं की त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत. ती पुस्तकं पंधरा दिवस संपल्यावर कचेरीत जमा व्हायची. तोवर कचेरीला रोज संध्याकाळी फोनवर फक्त आकडा.

"आज सात पावत्या, साहेब."

"हरकती?"

"पेटीत काही पडलेलं नाही, साहेब."

"शाब्बास!" बाणसाहेब म्हणत आणि भिंतीवरच्या तक्त्यावर हरकतींच्या घरात एक टपोरं शून्य काढत. चौथ्या दिवसापर्यंत चार शून्यं झाली. ती शून्यं पाहायला ते शेजारच्या खोल्यांतल्या लोकांना चहाच्या निमित्ताने बोलवू लागले.

पाचव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला बायकोने विचारलं, "अहो, तो टाकी रस्ता एकदिशा करणारे तुम्हीच ना?"

"मीच," बाणसाहेब म्हणाले आणि कौतुकाची वाट पाहू लागले.

कौतुक आलं नाही. आमटी आली, तीही जरा जोरात ठेवलेली.

त्यांच्या बायकोचं टाकीजवळ शिवणकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, एका दरवाजाची रुंदी, दोन मशीनं, एक उभा आरसा आणि मागे कपड्यांची मांडणी. पण नऊ वर्षं तिने ते एकटीने चालवलं होतं, आणि उसवलेलं, फाटलेलं, घट्ट झालेलं काहीही घेऊन अर्धा बाजार तिच्याकडे येई. हा अर्धा बाजार आता यायचा कुठून? बाजाराकडून टाकीकडे जायचा रस्ताच तिच्या नवऱ्याने पुसून टाकला होता.

"चार दिवसांत तीन माणसं आली दुकानात," ती म्हणाली. "एक पत्ता विचारायला, एक पाणी प्यायला, आणि तिसरे तुम्ही, किल्ल्या विसरलात म्हणून."

"वळसा घालून येतील की."

"एक बटण लावायला पुलावरून वळसा? तुम्ही घालाल?"

बाणसाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. त्यांच्या शर्टाचं एक बटण महिनाभर तुटलेलं होतं, आणि दुकान तर घरचंच. त्यांनी आमटी पुढे ओढली.

"नकाशात माझं दुकान दिसलं नाही तुम्हाला?"

"नकाशात दुकानं नसतात गं. रस्त्याची फक्त रुंदी असते."

"मग ऐका. मी जागेच्या मालकीणबाईंना सांगून आलेय. हे कायम झालं, तर सोळाव्या दिवशी किल्ली त्यांच्या हातात. रिकाम्या दुकानात आरशात स्वतःचंच तोंड किती पाहू?"

हे मात्र साहेबांना लागलं. त्या दुकानाची पाटी नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच शिडीवर चढून लावली होती. जन्मभर सरळ रेघा ओढलेल्या माणसाने ती चार बोटं वाकडी लावली, आणि सरळ करू म्हणाले तेव्हा बायको म्हणाली होती, "राहू दे, तुमच्या हातची आहे." ते त्यांना आठवलं. पण घरात पाघळायचं आणि कचेरीत नियम सांगायचे, असल्यातले ते नव्हते. निदान तसं त्यांचं स्वतःविषयी मत होतं.

"हरकत दे ना मग," ते म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

"दिली. हा घ्या कागद. उद्या तुम्हीच टाका."

"मी? बायकोची हरकत नवऱ्याने खिशातून न्यायची? लोक काय म्हणतील! पेटी कशाला ठेवलीय? पेटीत टाक."

"बरं," ती म्हणाली. बायको "बरं" म्हणाली की प्रकरण मिटलं असं समजणारा नवरा एक तर नवा असतो नाही तर बाणसाहेब असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने त्यांच्यापुढे एक दंडाची पावती ठेवली. ती स्कूटरवरून गेली, पेटीपाशी थांबली, पर्समधून कागद काढेपर्यंत हवालदाराने पावती फाडून हातात दिली. गुन्हा, मनाई असलेल्या जागी वाहन थांबवणे. मागून भोंग्यांचा असा गजर झाला की कागद तसाच पर्समध्ये राहिला.

बाणसाहेबांनी पावती उचलून दिव्याखाली धरली. "तारीख बरोबर, कलम बरोबर. हवालदार हुशार आहे हां."

"खालपर्यंत वाचा."

"वाचली." पावती धरायची त्यांची बावीस वर्षांची सवय म्हणजे अंगठा खालच्या रकान्यावर. अंगठ्याखाली काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "अगं, वाहन घेऊन गेलीस तर थांबावं लागणारच. पायी जा."

ती पायी गेली. दुसरी पावती. क्रॉसिंग नसलेल्या जागी रस्ता ओलांडणे. हवालदाराने हात करून वाहनं थांबवली आणि तिला अर्ध्या वाटेतूनच सुखरूप फुटपाथावर आणून सोडलं, पण सोडताना पावती दिलीच.

"माणूस सभ्य आहे," बाणसाहेब म्हणाले.

"फार. मला ताई म्हणतो."

तिसऱ्या वेळी तिने डोकं चालवलं. थांबायलाच नको! मागे दुकानातल्या मदतनीस बाईला बसवलं, स्कूटर हळू केली आणि मदतनीस बाईने चालत्या स्कूटरवरून कागद पेटीच्या फटीवर नेम धरून फेकला. नेम तसा वाईट नव्हता. कागद पेटीला लागला, उडाला, एका ट्रकखाली गेला आणि पलीकडे चिखलात पडला. पावती बायकोच्या नावे, सार्वजनिक रस्त्यावर कचरा टाकणे.

"माझी हरकत म्हणजे कचरा?" तिने विचारलं.

"पेटीत पडली तर हरकत, रस्त्यावर पडली तर कचरा. नियम स्पष्ट आहे," बाणसाहेब म्हणाले. पण हे वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकायला फारसं बरं वाटलं नाही.

"मग तुम्हीच दाखवा. तुम्ही नकाशेवाले ना? इथून निघून त्या पेटीपाशी जायचं, कागद टाकायचा, परत यायचं, आणि एकही पावती फाटता कामा नये. घ्या पेन्सिल."

बाणसाहेब हसले. नकाशा पसरला. पेन्सिल घरापासून निघाली, टाकीपाशी आली, रस्त्यावर उतरली, पेटीशेजारून गेली आणि थांबता येत नाही म्हणून तशीच बाजारात पोचली. पुलावरून वळसा घालून पुन्हा आली, पुन्हा बाजारात. मग ती पायी निघाली. टोकाच्या क्रॉसिंगवरून दुभाजकावर चढली आणि तिथे साहेबांना आठवलं की दुभाजकावर चालणं हाही गुन्हा आहे, ते कलम त्यांनीच मागे सुचवलं होतं. पेन्सिल घरी परतली. बायको समोर बसून काजं शिवत होती. सहा काजं झाली तरी पेन्सिल पेटीपाशी पोचली नाही.

"टोक बोथट झालंय," ते शेवटी म्हणाले.

"पेटी फुटपाथावर हलवा ना."

"पेटी हलवली तर पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून. आणि मॅडम येणार आहेत. तक्त्यावर तेरा शून्यं झालीत, तेरा!"

"आणि माझ्या वहीत एकही माप नाही," ती म्हणाली आणि दिवा मालवून आत गेली.

बाणसाहेब अंधारात थोडा वेळ बसून राहिले. सगळे रस्ते एका बाजूला आणि एक वाकडी पाटी दुसऱ्या बाजूला. शेवटी त्यांनी ठरवलं की योजना चांगली आहे, ती चांगली असल्यामुळेच हरकती येत नाहीत, आणि बायकोला दुसरीकडे छान जागा मिळेल. असं ठरवल्यावर झोप लागायला हवी होती. ती काही लागली नाही.

पंधराव्या दिवशी साडेचारला मोठ्या मॅडम कचेरीच्या जीपमधून टाकी रस्त्यावर आल्या. पाहणीसाठी आलेल्या सरकारी गाडीला थांबायची मुभा असते, म्हणून जीप दुभाजकाला लागून उभी राहिली. बाणसाहेब कडक इस्त्रीत खाली उतरले. हवालदाराने सलाम ठोकला.

"आतापर्यंतच्या पावत्या?"

"सत्त्याण्णव, साहेब."

"बघा मॅडम, लोकांना शिस्त लागतेय," बाणसाहेब म्हणाले आणि खिशातून किल्ली काढून पेटी उघडली. पेटीत एक कोळी होता. त्याने पंधरा दिवसांत निवांतपणे जाळं विणलं होतं, त्याची कुठलीच हरकत नव्हती.

"शून्य!" बाणसाहेबांनी जाहीर केलं, पेटी पुन्हा लावली आणि किल्ली खिशात टाकली, कारण पाच वाजेपर्यंत ती बंद ठेवायचा नियम होता. "मी म्हटलं नव्हतं?"

मॅडमनी चष्मा काढला. "एकही नाही? रस्त्यावर साधा गतिरोधक केला तरी आपल्याकडे चाळीस हरकती येतात."

"योजनेचा गुण, मॅडम."

तेवढ्यात टाकीच्या बाजूने दुभाजकावरून, कठडा धरत धरत, एक बाई येताना दिसली. गळ्यात मोजपट्टी, एका हातात कागद. बाणसाहेबांनी लगेच ओळखलं आणि जीपच्या चाकाकडे पाहायला सुरुवात केली.

हवालदाराने पुस्तक उघडलं. "या ताई. आज दुभाजकावरून चालणं."

"लिहा."

"आणि म्हणणं?"

"नेहमीचंच."

हवालदार लिहू लागला. मॅडम पुढे आल्या. "नेहमीचं म्हणजे काय?"

"मॅडम, चालकाचं म्हणणं. सगळ्यांचं लिहितो मी." त्याने पावती फाडायच्या आधी अदबीने वाचून दाखवलं. "हरकत टाकायला आले होते."

"सगळ्यांचं? बाकीच्यांचं काय म्हणणं आहे?"

हवालदाराने पिशवीतून पुस्तकं काढली आणि एक एक पान उलटत वाचू लागला. असं कुणी विचारावं याची तो बहुधा नोकरीला लागल्यापासून वाट पाहत होता. "हरकत टाकायला थांबलो. हरकत टाकायला थांबले. हरकत टाकायची होती, तुम्ही टाकू देत नाही. हरकत आहे, आणि आता या पावतीलाही हरकत आहे. हरकत टाकायला थांबलो, वर दंड, हा कुठला न्याय. डोळ्यात चिलट गेलं. हा एक वेगळा, मॅडम. मग पुन्हा हरकत, हरकत, हरकत…"

बाणसाहेबांना त्यांचा अंगठा आठवला. घरातल्या तीन पावत्या, दिव्याखाली धरलेल्या, आणि तिन्हींवर तो अंगठा. "खालपर्यंत वाचा," असं ती म्हणाली होती.

"म्हणजे हरकती होत्या," मॅडम म्हणाल्या.

बावीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. "पण मॅडम," बाणसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "पेटीत नाहीत. पेटीत नाही ती हरकत नाही."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर परवडलं असतं.

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "नियम तुमचाच. पेटीत पडलेला सहीचा प्रत्येक कागद, असंच आहे ना? पाच वाजायला किती आहेत?"

"बा… बारा मिनिटं."

"मग टाका."

"काय?"

"पावत्यांच्या नकला. त्यांवर सह्या आहेत. टाका पेटीत. दप्तरात जायच्या त्या पेटीतून जातील."

आणि मग टाकी रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांनी पाहिलं, की हवालदार पानं फाडतोय, शिवणवाल्या बाई त्यांच्या झरझर घड्या घालतायत आणि वाहतूक कचेरीचे बाणसाहेब घामाघूम होऊन एक एक घडी पेटीच्या फटीत सारतायत. फट त्यांनीच अरुंद ठेवलेली. एका वेळी एकच घडी जाई, तीही नीट धरली तर. तिसाव्या घडीला फट तुंबली. बायकोने गळ्यातली मोजपट्टी काढून तिच्या पत्र्याच्या टोकाने आतला गठ्ठा खाली सारला. साठाव्या घडीला साहेबांचं बोट चिमटलं. मॅडम मोजत होत्या आणि जीपचा चालक घड्याळ सांगत होता.

सुरुवातीला बाणसाहेब हे सगळं कपाळाला आठ्या घालून करत होते. पण सत्तरच्या पुढे काय झालं कोण जाणे, त्यांचे हात आपोआप भरभर चालू लागले. शेजारी घड्या घालणारी बोटं त्यांच्या ओळखीची होती. त्यांना एकदम वाटलं की हे झालं पाहिजे, पाचच्या आत झालं पाहिजे. सगळे रस्ते गेले खड्ड्यात.

"सत्त्याण्णव," मॅडम म्हणाल्या.

"ही ताईंची आजची." हवालदाराने नक्कल फाडून दिली.

"अठ्ठ्याण्णव."

"आणि ही माझी खरी हरकत." बायकोने तिचा तो चिखलातून परत आणलेला, फिरून फिरून मऊ पडलेला कागद पुढे केला. बाणसाहेबांनी तो फटीत टाकला.

"नव्व्याण्णव. अजून?"

हवालदाराने पुस्तकं झटकली. पिशवी उलटी केली. डब्याचं झाकण तेवढं पडलं.

"संपल्या, मॅडम."

"चार सत्तावन्न," जीपचा चालक म्हणाला.

मॅडमनी चष्मा पुसला. "नव्व्याण्णव झाल्या तरी कायम, असं तुम्ही लिहून दिलंय. मला वाईट वाटतं, पण लिहिलेलं लिहिलेलं आहे."

बायकोने मोजपट्टी गुंडाळून गळ्यात घातली आणि कमरेची दुकानाची किल्ली उगीचच हातात घेऊन पाहिली. बाणसाहेबांनी ती किल्ली पाहिली. मग दोन्ही अंगांनी सुसाट जाणारी वाहनं पाहिली, लाल पेटी पाहिली, आणि शेवटी स्वतःचे बूट पाहिले.

"हवालदार," ते म्हणाले, "मी किती वेळ या दुभाजकावर उभा आहे?"

"वीस-पंचवीस मिनिटं, साहेब."

"ही जागा कसली आहे?"

"मनाईची, साहेब."

"मुभा जीपला आहे. माणसाला आहे का?"

हवालदाराने मनातल्या मनात कलमं चाळली. "नाही, साहेब."

"मग माझी पावती का नाही फाडली?"

"साहेब, तुम्ही साहेब…"

"नियम सगळ्यांना सारखा. फाडा."

हवालदाराने नवं पान काढलं, कार्बन सरळ केला, पेन झटकलं आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहू लागला. तारीख. वेळ. ठिकाण.

"जरा भरभर," बाणसाहेब म्हणाले.

"घाईत अक्षर बिघडतं, साहेब."

"चार अठ्ठावन्न," चालक म्हणाला.

"बिघडू दे!"

"नाव, साहेब?"

बाणसाहेबांनी नाव सांगितलं. हवालदार थबकला. "हे तुमचं नाव? मला वाटायचं…"

"लिहा हो!"

"चार एकोणसाठ."

"चालकाचं म्हणणं?"

बाणसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच हसू दाबत होती. "लिहा," ते म्हणाले, "हरकत टाकायला थांबलो होतो."

हवालदाराने लिहिलं. वाचून दाखवलं, कारण वाचून दाखवल्याशिवाय तो सही घेत नसे. साहेबांनी सही केली, नक्कल ओढून घेतली, घडी घातली न घातली आणि फटीवर धरली. ती अडकली. बायकोने मोजपट्टीचं टोक मारलं. कागद आत पडल्याचा आवाज झाला आणि चालक म्हणाला, "पाच."

"शंभर," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

योजना रद्द करण्याचा आदेश बाणसाहेबांनी ठरल्याप्रमाणे स्वतःच्या हाताने, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिला. उद्या सकाळी बाण पुसून रस्ता पूर्ववत, क्रॉसिंग पुन्हा सुरू. मॅडमनी सही केली, पेटीची किल्ली मागून घेतली, "शहरातल्या बाकीच्या रस्त्यांबद्दल आपण नंतर बोलू, किंवा नको," असं म्हणाल्या आणि जीपमध्ये बसून बाजाराच्या दिशेने निघून गेल्या. दुसरी दिशा नव्हतीच.

बाणसाहेबांनी घाम पुसला. छाती भरून श्वास घेतला. पंधरा दिवसांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. आणि हलकं वाटलं की माणसाचा मूळ स्वभाव वर येतोच.

"तरी मी म्हणतच होतो," ते बायकोला म्हणाले, "पेटीची पद्धत उत्तम आहे. पंधरा दिवसांत शंभर हरकती! आमच्या कचेरीत एवढ्या कधी आल्या नाहीत."

"हो. आणि शंभरावी तुमची," ती म्हणाली. "चला आता. वाटेत दुकानात थांबू. ते बटण लावून देते."

"चल," बाणसाहेब म्हणाले आणि पाऊल उचललं.

ते पाऊल हवेतच राहिलं. डावीकडून ट्रक, उजवीकडून बस, मागे कठडा, पुढे कठडा. क्रॉसिंग उद्या सकाळी उघडणार होतं.

हवालदाराने शांतपणे पुस्तकाचं नवं पान काढून कार्बन सरळ केला.

"साहेब, ओलांडून जाणार की दुभाजकावरून चालत, तेवढं आधी सांगता का?" तो म्हणाला. "म्हणजे कलम आताच लिहून ठेवतो. अक्षर चांगलं येईल."